उंबरविसराची साथ

"तुम्हाला हे पटायचं नाही साहेब," कंपाउंडरकाका म्हणाले. "पटलं तर मलाच तुमची काळजी वाटेल. पण गेल्या महिन्यात ह्या दवाखान्यात दोनशे चौदा माणसं एकाच आजाराची आली, आणि दोनशे चौदाच्या दोनशे चौदा मी औषधाचा एक थेंब न देता बरी केली."

औषधाच्या खिडकीपलीकडे तपासनीस बसले होते. सकाळच्या पहिल्या गाडीनं मुख्य कचेरीतून आलेले, मानेपासून बुटापर्यंत पट्टीनं आखल्यासारखे सरळ. मांडीवर दवाखान्याची नोंदवही, नोंदवहीवर छापील यादी, यादीवर पेन.

"बरी झालेली माणसं नंतर," ते म्हणाले. "आधी आजार. यादीत एकशे बारा आजार आहेत. गाडीत मी तीनदा वाचली. उंबरविसर नावाचा आजार तिच्यात नाही."

"यादी जुनी असेल."

"यादी ह्या वर्षीची आहे. हे बघा, दीडच्या गाडीनं मला परत जायचंय. तोपर्यंत हा आजार खरा आहे हे दाखवून द्या. नाहीतर नोंदवही खोटी. आणि खोट्या नोंदी करणारा माणूस उद्यापासून ह्या खिडकीत बसणार नाही."

काकांनी घड्याळाकडे बघितलं. सव्वाअकरा. मग खिडकीकडे बघितलं.

खिडकी ती काय! हातभर रुंद, वीतभर उंच, कडेला औषधांचे गुलाबी ओघळ. पण एकतीस वर्षं काका तिच्यामागे बसले होते. एका हातानं मिश्रण ढवळायचं, दुसऱ्यानं बाटलीवर डोसाची कागदी पट्टी डकवायची, आणि दोन्ही कानांनी ऐकायचं. सुतारानं मुळात ती इतकी बुटकी केली होती की बोलणाऱ्याला वाकावंच लागे. आणि वाकलेला माणूस खरं बोलतो, असा काकांचा एकतीस वर्षांचा अनुभव होता. डॉक्टरीणबाईंना आत लोक खोकला सांगायचे. खोकल्याच्या मागे काय आहे ते जाता जाता खिडकीत सांगायचे. ही खिडकी गेली तर काकांच्या कानांना घरी बसून करायचं काय? माश्या हाकलायच्या?

आता हे सगळं घडलं कसं ते सांगायला हवं, नाहीतर काका उगाच लबाड ठरतील. लबाड ते होतेच, पण उगाच नव्हे.

घडलं असं, की गेल्या महिन्याच्या तीन तारखेला कोपऱ्यावरचा इस्त्रीवाला आला. डॉक्टरीणबाईंनी नाडी बघितली, जीभ बघितली, डोळे बघितले आणि "घोड्यासारखा आहेस, जा घरी," म्हणून सांगितलं. तो खिडकीत येऊन वाकला.

"काका, घोडा नाही हो मी, गाढव झालोय. आतल्या खोलीत जातो आणि नुसता उभा राहतो. कशाला आलो तेच आठवत नाही. बाहेर आलो की लगेच आठवतं. पुन्हा आत गेलो की पुन्हा गुल! काल चार खेपा घातल्या. तोवर इकडे मास्तरीणबाईंच्या नव्या चादरीला भोक पडलं."

"मग पाचव्या खेपेला आठवलं?"

"पाचव्या खेपेला मास्तरीणबाई आल्या. त्यांना बघून सगळंच विसरलो."

काका हसले, पण हसण्यानं नोंदवहीचा रकाना भरत नाही. नाव, वय, आजार, औषध, सही, अशी पाच घरं, आणि एकही रिकामं ठेवायचं नाही असा कचेरीचा दंडक. आजार सापडला नाही तर 'इतर' लिहायची सोय होती. मात्र महिन्याला 'इतर' दहाच. अकराव्याला तीन प्रतींत खुलासा. त्या महिन्यात लोकांना काय झालं होतं कोण जाणे, तीन तारखेलाच दहा 'इतर' संपले होते. आणि काकांना जगात दोनच गोष्टींचा मनस्वी कंटाळा होता. एक म्हणजे तीन प्रती, आणि दुसरी म्हणजे खुलासा.

त्यांनी पेन उचललं, इस्त्रीवाल्याकडे बघितलं, त्याच्या मागच्या दाराच्या उंबऱ्याकडे बघितलं, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं: उंबरविसर.

"उंबरविसर झालाय तुला," ते गंभीरपणे म्हणाले. "उंबरा ओलांडला की विसर पडतो. आत जाण्याआधी कशाला जातोय ते मोठ्यानं बोलायचं आणि मग पाऊल टाकायचं. उतार पडेल."

इस्त्रीवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे असतं असं? नाव आहे त्याला? मला वाटलं माझंच डोकं फिरलं!"

"नाव आहे म्हणजे काय! आधी नाव असतं, मग आजार होतो."

तो इस्त्रीवाला शीळ घालत गेला, आणि जाताना दिसेल त्याला सांगत गेला. संध्याकाळपर्यंत आणखी सहा जण आले. कुणी स्वयंपाकघरात जाऊन उभं राहायचं, कुणी गोदामात, एक न्हावी तर स्वतःच्या दुकानात शिरून गिऱ्हाइकालाच विचारायचा की आपण इथं कशाला आलो. सगळ्यांना काकांनी तेच नाव दिलं आणि सगळे बरे होऊन गेले.

मग काय, काकांचा हात मोकळा झाला. शिंक नाकाच्या शेंड्यापर्यंत येऊन तोंड वासायला लावून परत जाते, तिला त्यांनी 'अडशिंक' म्हटलं. जिना संपला तरी आपण आणखी एक पायरी उतरतो आणि काळजात धस्स होतं, ती 'पोकळपायरी'. मास्तरीणबाई तक्रार घेऊन आल्या, की मी रस्त्यात कुणाचा तरी अगदी मनापासून निरोप घेते, 'येते हं, जपून जा' म्हणते, आणि मग आम्ही दोघी एकाच दिशेला चालू लागतो. बोलायचं तर सगळं बोलून झालेलं, आणि बाजूबाजूनं चालायचं अर्धा मैल!

"फार जुनाट दुखणं," काका म्हणाले. "निरोपफजिती."

"उपाय?"

"बुटाचा बंद बांधायला खाली बसायचं."

"मी चपला घालते हो."

"म्हणून तर जुनाट."

मास्तरीणबाई इतक्या हसल्या की पडद्यामागून डॉक्टरीणबाई ओरडल्या, "कंपाउंडर, तिकडे जरा दमानं! मला इथं छातीचे ठोके ऐकू येत नाहीत."

इथवर सगळं आलबेल होतं. घोटाळा कचेरीनं केला. कचेरीचा नियम असा, की एका आजाराची महिन्याला शंभरावर माणसं झाली की ती साथ. यादीत असो नसो, साथ ती साथ. तिथल्या कारकुनानं आकडा बघितला, दोनशे चौदा. आजाराचं नाव वाचलं. कारकून हुशार, त्यानं विचार केला, ज्या अर्थी नावात उंबरा आहे त्या अर्थी रोगाचं मूळ उंबऱ्यात. मग काय विचारता! पाच माणसं, पाच पंप आणि सहा खोकी पावडर अशी फौज आली आणि तीन दिवस घरोघरचे उंबरे फवारत हिंडली. त्या पावडरीला असा वास होता की आत कशाला आलो हे कुणाला आठवो न आठवो, बाहेर का पळालो हे सगळ्यांच्या पक्कं लक्षात राहिलं. फौज परत गेली, वरच्या साहेबांनी सहज विचारलं, "हा आजार तरी काय आहे?" आणि कचेरीत कुणालाच सांगता येईना. म्हणून तपासनीस.

"सांगा," तपासनीस म्हणाले. "हा शब्द तुम्ही केलात का?"

बाकावर इस्त्रीवाला, मास्तरीणबाई आणि आणखी पाचसहा जण श्वास रोखून बसले होते. सगळे ठणठणीत, पण काकांच्या खिडकीवर संक्रांत आलीय म्हटल्यावर कुणी पोट धरून आलं होतं, कुणी पाठ.

खरं बोलावं तर खिडकी गेली. काकांनी मनातल्या मनात खऱ्याचा निरोप घेतला, आणि निरोप घेतल्यावर त्याच्या बाजूबाजूनं चालायला नको म्हणून सरळ उलट्या दिशेनं सुटले.

"मी? अहो, माझी काय प्राज्ञा! आमच्या आजोबांचा हस्तलिखित ग्रंथ आहे, 'किरकोळ व्याधींचा कोश'. तीनशे बाराव्या पानावर उंबरविसर. मी नुसता हमाल."

"कुठं आहे ग्रंथ?"

"घरी. पेटीत. कुलूप आहे. किल्ली हरवलीय."

"कुणी पाहिलाय?"

"मी पाहिलाय!" इस्त्रीवाला उठून उभाच राहिला. "एवढा जाड!" त्यानं हातभर अंतर दाखवलं.

"मीही पाहिलाय," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि वीतभर दाखवलं.

तपासनीसांचं पेन थांबलं. "हातभर की वीतभर?"

"वीतभरच साहेब," काका म्हणाले, "पण वाचायला घेतला की फुगतो. जुना कागद आहे ना!"

तपासनीसांनी पेन खाली ठेवलं नाही आणि लिहिलंही नाही. ते नोंदवही चाळत राहिले. बारा वाजले. साडेबारा वाजले. एकेका शब्दावर ते बोट ठेवायचे, काका अर्थ सांगायचे, बाकावरून कुणीतरी "मला झालाय तो!" म्हणून ग्वाही द्यायचं, आणि तपासनीस पुढच्या ओळीवर जायचे. चेहऱ्यावर रेष हलत नव्हती. एकतीस वर्षांत काकांनी इतकं कोरडं गिऱ्हाईक बघितलं नव्हतं.

"हे काय? उष्टं हसू?"

"साहेब, माणूस आपल्याला एकच विनोद चौथ्यांदा सांगतो. आपण पहिल्यांदाच ऐकल्यासारखं हसतो. ते हसू आपण आधी वापरलेलं असतं. म्हणून उष्टं."

तपासनीसांचं बोट त्या ओळीवरच राहिलं. पुढे सरकेना. त्यांनी एकदा बाकाकडे बघितलं, पडद्याकडे बघितलं, मग खुर्ची पुढे ओढली. आणि मघापासून सरळच्या सरळ असलेला तो माणूस हळूच वाकला. डोकं खिडकीत आलं.

"कंपाउंडर," ते अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "मला तेही मिळत नाही."

काकांचं ढवळणं थांबलं.

"मी कुठंही गेलो, की दाराबाहेरून आतलं हसणं ऐकू येतं. मी पाऊल टाकलं की थांबतं. बावीस वर्षं झाली. कचेरीत तसंच, घरी तसंच. माझा पुतण्या फार नकला करतो म्हणे. मी कधी बघितल्या नाहीत. मी खोलीत आलो की तो पाढे म्हणायला लागतो." त्यांनी दाराकडे बोट केलं. "आज सकाळीही तुम्ही सगळे हसत होता. मी बाहेर थोडा वेळ उभा राहिलो होतो. ह्याला... आहे का काही तुमच्या ग्रंथात?"

काकांना आता गंमत सुचेना. समोरचा माणूस वाकला होता, म्हणजे खरं बोलत होता. खिडकी, गाडी, दीड वाजता, सगळं क्षणभर बाजूला पडलं. त्यांनी डोळे मिटले, आणि लबाडी न करता, पूर्ण विचार करून एक शब्द शोधला.

"हसूविझ," ते म्हणाले. "दिवा विझतो तसं. वाऱ्याचा त्यात दोष नसतो साहेब, तो आपला दारातून आत येतो एवढंच."

"हसूविझ," तपासनीसांनी घोळवून म्हटलं. आणखी एकदा म्हटलं. खांदे जरासे सैल झाले. "म्हणजे इतरांनाही होते?"

"तपासनीस, मुख्याध्यापक, सासरे, तीन धंद्यांत घरटी एकाला. उपाय आहे. पण..." इथं मात्र काकांमधला लबाड जागा झाला. "नोंद केल्याशिवाय मला उपाय सांगता येत नाही. कचेरीचा दंडक."

"बरोबर आहे," तपासनीस म्हणाले. दंडक म्हटल्यावर त्यांचा इलाजच नव्हता. त्यांनी नोंदवहीतली पुढची कोरी ओळ शोधली, स्वतःच्या हातानं नाव लिहिलं, वय लिहिलं, आजाराच्या घरात 'हसूविझ' लिहिलं, औषधाच्या घरात 'तोंडी उपाय' लिहिलं, आणि शेवटच्या घरात पल्लेदार सही ठोकली. बाकावरच्या सगळ्यांनी एकदम श्वास सोडला, पडदा हलला.

"हं. उपाय."

काकांनी बाह्या सरसावल्या. गप्प बसले असते तर काम फत्ते होतं. पण जिंकलेला माणूस गप्प बसला तर तो कंपाउंडरकाका कसला!

"आमचे आजोबा, साहेब, बाजारात वजनमापांचे तपासनीस होते."

"तपासनीस?" साहेब चमकले.

"सख्खे. आणि हसूविझ अशी जालीम, की ते गल्लीत शिरले की घोडी खिंकाळायची थांबत. एकदा ते न्हाव्याच्या दुकानात गेले. आत हास्याचा कल्लोळ. आजोबांनी पाऊल टाकलं, सगळं चिडीचूप. न्हावी इतका घाबरला की हातातलं गिऱ्हाईक सोडून कोपऱ्यात जाऊन उभा. गिऱ्हाइकाची अर्धी मिशी उडालेली, अर्धी शाबूत. आता बाहेर कसा जाणार बिचारा? रडकुंडीला आला. आजोबांनी त्याच्याकडे बघितलं, शेजारच्या खुर्चीत बसले आणि न्हाव्याला म्हणाले, 'माझीही अर्धीच काढ.'"

बाकावर कुणीतरी फिसकलं.

"काढली! डावी गेली, उजवी राहिली. तसेच बाजारात गेले, तसेच तागडी तपासायला बसले. साहेब, त्या दिवसापासून ते ज्या खोलीत जात, तिथं हसणं थांबायचं दूरच, उलट सुरू व्हायचं! आणि उरलेल्या उजव्या मिशीला एकटीलाच सगळं पोषण मिळू लागलं. ती वाढली, वाढली, कानामागे वळवून खोचू लागले. पुढे पुढे तर तागडी खोटी निघाली की आजोबा मिशीच्याच टोकाला पारडं अडकवायचे. दोन किलो बटाटे आरामात तोलायची!"

"आणि बटाटे कमी भरले तर?" इस्त्रीवाल्यानं विचारलं.

"तर भुवई उंचवायचे!"

सगळा बाक हसायला लागला. मास्तरीणबाई पदर तोंडात कोंबून, इस्त्रीवाला मांडीवर थापा मारत. पोट धरून आलेल्यांनी आता खरोखरच पोट धरलं. पडद्यामागून डॉक्टरीणबाईंचा आवाज आला, "कंपाउंडर, ठोके!" आणि पाठोपाठ त्याही हसल्या. तपासनीस सगळ्यांकडे आळीपाळीनं बघत होते. आपण खोलीत आहोत, अगदी मधोमध आहोत, आणि कुणी थांबत नाही, हे त्यांच्या हळूहळू ध्यानात आलं. आधी त्यांच्या नाकातून एक सुरसुर निघाली. मग खांदे हलले. मग गंज चढलेलं फाटक उघडावं तसा करकरत एक आवाज आला, आणि तपासनीस हसले. हसता हसता चष्मा काढून डोळे पुसले, आणि ओल्या डोळ्यांनीच अहवाल पुढे ओढून शेवटची ओळ लिहिली: 'आजार अस्तित्वात आहे. तपासनीसाने स्वतः खात्री करून घेतली. कंपाउंडरास खिडकीतून हलवू नये.' खाली सही. पेनाला टोपण.

मघापासून दारात काकांच्या ताई येऊन उभ्या होत्या. काकांहून नऊ वर्षांनी मोठ्या, हातात भावाचा जेवणाचा डबा, आणि जन्मात एकदाही खोटं न बोलल्यामुळे नात्यागोत्यात कुणीही त्यांना मुक्कामाला बोलवत नसे. मिशीचा मजकूर त्यांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकला होता. त्या एकट्याच हसत नव्हत्या.

तपासनीस जायला उठले. दारापर्यंत गेले आणि परत खिडकीपाशी येऊन वाकले.

"कंपाउंडर, एक विनंती आहे. अहवालासाठी नव्हे हो, तो झाला. मला स्वतःला तो ग्रंथ वाचायचाय. आजोबांचं अक्षर तरी बघायला मिळेल?"

"मिळेल म्हणजे! पुढच्या खेपेला पेटी फोडून ठेवतो. मोत्यासारखं अक्षर साहेब, एका हातानं लिहायचे आणि दुसऱ्या हातानं मिशी..."

"धाकट्या!" ताईंनी डबा खिडकीत आदळला. "आजोबांना कुठली रे मिशी? आपल्या घराण्यात सात पिढ्यांत कुणाच्या ओठावर लव उगवली नाही! आणि अक्षर कसलं कपाळाचं, जन्मभर अंगठा उठवत होते ते!"